निष्ठेचा आकडा आणि फितव्याचे कथन

१

बुद्धिबळाच्या पटावर फितुरी नसते. प्यादे शेवटच्या घरात पोहोचले की त्याचा वजीर होतो. परंतु ते कितीही उपेक्षित राहिले, बळी देण्यासाठी कितीही वेळा पुढे ढकलले गेले, तरी समोरच्या राजाच्या चाकरीत रुजू होत नाही. मोहऱ्यांची निष्ठा हा या खेळाचा एक नियम नव्हे; सर्व नियमांच्या आधीचे ते गृहीतक आहे. शोगी या जपानी बुद्धिबळात मारलेले मोहरे मारणाऱ्याच्या हाती जाते आणि त्याच्या बाजूने पुन्हा पटावर उतरविता येते. तेथे बाजू बदलते हे खरे. पण ती मोहऱ्याच्या मनाने बदलत नाही, ते हस्तगत झाले म्हणून बदलते. सरदाराला मन असते, त्या मनात धन्याविषयी काही कमीअधिक असते, आणि ते पुरेसे खालावले तर तो निघून जाईल अथवा उलटेल, ही कल्पना खेळाच्या नियमांच्या केंद्राशी आली ती मुख्यतः संगणकावरील ऐतिहासिक डावपेचांच्या खेळांमुळे. जपानमधील कोएई या संस्थेने १९८३ मध्ये 'नोबुनागाज अँबिशन' आणि १९८५ मध्ये 'रोमान्स ऑफ द थ्री किंगडम्स' हे खेळ काढले. त्या दोन मालिकांत सरदाराच्या नावापुढे शौर्य, बुद्धी यांच्या जोडीला निष्ठेचाही आकडा येतो. देणगी दिली की तो चढतो, दुर्लक्ष झाले की उतरतो. आणि उतरलेल्या सरदाराकडे शत्रूचा वकील जाऊन पोहोचतो.

साहित्यसमीक्षेने या खेळांची दखल का घ्यावी, असा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे. त्याचे एक उत्तर इयान बोगोस्त यांनी 'पर्स्युएसिव्ह गेम्स' (२००७) या ग्रंथात दिले आहे. खेळ शब्दांनी वा चित्रांनी जे सांगतो त्याहून वेगळे असे काही तो आपल्या प्रक्रियांतून, म्हणजे 'असे केले तर तसे होते' या नियमांतून, प्रतिपादन करतो. या प्रतिपादनाला त्यांनी प्रक्रियेचे वक्तृत्व म्हटले. मराठी वाचकाच्या दृष्टीने दुसरे, अधिक जवळचे उत्तर असे की निष्ठा आणि फितुरी हा मराठी ऐतिहासिक कथनाचा बखरीपासून कादंबरीपर्यंतचा मध्यवर्ती विषय आहे. खेळाने त्याच विषयाचे नियम लिहून काढले. नियम लिहावयाचे म्हटले की कथनात ज्या गोष्टी भाषेच्या ओघात झाकून जातात त्या उघड्या पडतात. निष्ठा नेमकी कोणाची, कोणाप्रत, आणि ती मोजणारा कोण, हे बखरकाराला सांगितले नाही तरी चालते. नियमकाराला ते सांगावेच लागते.

२

'रोमान्स ऑफ द थ्री किंगडम्स'चे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे, कारण तेथे खेळाच्या मागे एक कादंबरी आहे आणि कादंबरीच्या मागे एक इतिहास. चेन शोऊ याचा इतिहासग्रंथ तिसऱ्या शतकातील. लुओ ग्वानझोंग याच्या नावावर असलेली कादंबरी चौदाव्या शतकातील मानली जाते. ग्वान यू हा ल्यू बेईचा सहकारी इसवी सन २०० मध्ये त्साओ त्साओच्या हाती सापडला, काही काळ त्याच्या सेवेत राहिला, त्याच्यासाठी लढला आणि नंतर पुन्हा आपल्या मूळ धन्याकडे गेला. इतिहासाच्या दृष्टीने हा बाजू बदलण्याचा आणि परत येण्याचा एक प्रसंग आहे. कादंबरीला मात्र तो तसा पेलवत नाही. ग्वान यू त्साओ त्साओला नव्हे तर हान सम्राटाला शरण जातो, अशी अट घालून कादंबरीकार त्याची निष्ठा अभंग ठेवतो. खेळाने या दोहोंपैकी कादंबरी स्वीकारली. शपथबद्ध बंधूंची निष्ठा तेथे ढळत नाही. आणि वारंवार धनी बदलणारा ल्यू बू मुळातच अविश्वसनीय ठरून येतो. म्हणजे ज्याला 'आकडेवारी' म्हणून तटस्थ समजले जाते ते वस्तुतः सहाशे वर्षांपूर्वीच्या एका कादंबरीकाराचे नैतिक मत आहे. आख्यानातील विशेषण येथे संख्येच्या वेषात वावरते.

पाश्चात्त्य खेळांनी वेगळी वाट काढली. 'मिडिव्हल: टोटल वॉर' (२००२) मध्ये सेनापतींच्या निष्ठेची मोजदाद आहे आणि ती खालावली की यादवी उद्भवते. 'क्रुसेडर किंग्ज' या मालिकेच्या दुसऱ्या (२०१२) आणि तिसऱ्या (२०२०) भागांत निष्ठेला स्वतंत्र गुण न मानता मांडलिकाचे धन्याविषयीचे 'मत' उणे शंभर ते अधिक शंभर या पट्टीवर मोजले जाते. त्या मताखाली कारणांची बेरीज-वजाबाकी दिसते: धर्म एकच म्हणून इतके अधिक, कर जाचक म्हणून इतके उणे, धनी नुकताच गादीवर आला म्हणून आणखी उणे. नाराज मांडलिक गट करतात आणि गटाचे बळ पुरेसे झाले की धन्यापुढे मागणी ठेवतात. 'युरोपा युनिव्हर्सॅलिस'च्या चौथ्या भागात (२०१३) मांडलिक राज्यांची 'स्वातंत्र्येच्छा' टक्क्यांत मोजली जाते. पन्नासाच्या पुढे गेली की ते राज्य बेभरवशाचे झाले असे समजावयाचे. या टक्केवारीत मांडलिकाच्या स्वभावापेक्षा धन्याच्या तुलनेतील त्याच्या सामर्थ्याला महत्त्व असते. निष्ठा हा सद्गुण नसून दोन शक्तींमधील अंतर आहे, असे हा खेळ सांगतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त वतनदारांना राज्याचे दायाद मानून त्यांना न दुखवता पण न वाढवता ठेवण्याचा जो उपदेश आहे, त्याच्या जवळपास ही मांडणी येते. अमात्यांना ती समजावून सांगावी लागली नसती.

'एम्पायर: टोटल वॉर' (२००९) या खेळात मराठा राज्यसंघ हा खेळण्याजोग्या पक्षांपैकी एक आहे आणि डाव १७०० पासून सुरू होतो. त्याच वर्षी सिंहगडावर राजारामांचा मृत्यू झाला आणि ताराबाईंनी अल्पवयीन पुत्राच्या नावाने कारभार हाती घेतला. या काळातले युद्ध तोफांइतकेच सरदारांच्या ये-जा करण्याने लढले गेले. परंतु या खेळात सेनापतीच्या निष्ठेला जागाच नाही. असंतोष असतो तो प्रांतांतील खालच्या आणि वरच्या वर्गांचा. मराठ्यांना पटावर घेताना त्यांच्या राजकारणाचे मर्म तेवढे पटाबाहेर राहिले.

३

या सर्व यंत्रणांत एक वैशिष्ट्य समान आहे, आणि प्रस्तुत विवेचनाचा रोख त्याच्यावरच आहे. 'क्रुसेडर किंग्ज'मध्ये खेळणाऱ्याने राजाच व्हावे असे बंधन नाही. तो एखादा लहान मांडलिक होऊ शकतो, धन्याविरुद्धच्या गटात सामील होऊ शकतो, बंड करू शकतो. त्यामुळे हा खेळ केवळ सिंहासनावरून पाहिलेला नाही, असे त्याच्या बाजूने म्हणता येते. परंतु खेळणारा मांडलिकाच्या जागी बसला की त्याच क्षणी त्या मांडलिकाच्या निष्ठेचा आकडा निरर्थक होतो. त्याचे धन्याविषयीचे मत त्याला कशालाही भाग पाडत नाही. धन्याने देणगी पाठविली म्हणून त्याचे बंड थांबत नाही. थांबवावेसे वाटले तरच थांबते. शेजारच्या मांडलिकाचे बंड मात्र बेरीज-वजाबाकीचे फलित असते. स्वतःची निष्ठा हा निर्णय आणि दुसऱ्याची निष्ठा हा आकडा, असा हा भेद आहे. खेळाच्या रचनेत तो अटळ आहे असे म्हणता येईल. कारण खेळणाऱ्याची इच्छाच आकड्याने बांधली तर खेळ उरत नाही. पण हाच भेद जिथे अटळ नव्हता तिथेही, म्हणजे मराठी ऐतिहासिक लेखनात, सर्रास आढळतो. म्हणून तो केवळ यंत्राचा दोष समजून सोडून देता येत नाही.

'जेधे करीना' आणि १६५९ चा प्रसंग घ्यावा. अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी कान्होजी जेध्यांना विजापूरचे फर्मान आले: खानास सामील व्हावे. कान्होजी आपल्या पाच मुलांसह शिवाजी महाराजांकडे गेले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडले. 'पाणी सोडणे' हा आज वाक्प्रचार आहे. त्या प्रसंगी तो प्रत्यक्ष विधी होता. उत्रोळीचे खंडोजी खोपडे याच वेळी खानाकडे गेले. रूढ कथनात या दोन नावांचा जोड एखाद्या नैतिक चित्रफलकासारखा मांडला जातो, एकीकडे निष्ठा आणि दुसरीकडे फितुरी. परंतु करीना हा वाङ्मयप्रकार लक्षात घेतला तर चित्र पालटते. करीना म्हणजे घराण्याची हकिकत, आणि अशी हकिकत प्रायः हक्काच्या संदर्भात सांगितली जाते. वतन सोडल्याची कथा ही वतनाच्या दाव्याचाच सर्वोत्तम पुरावा आहे. निष्ठा येथे अंतःकरणाचा गुण म्हणून लिहिली गेलेली नाही. ती एका कराराची साक्ष म्हणून नोंदली गेली आहे. यात कान्होजींचे थोरपण उणे होत नाही. उलट जे पणाला लावले त्याची किंमत त्यामुळेच कळते.

पुढचा भाग अधिक अर्थपूर्ण आहे. खानाच्या वधानंतर खोपडे अडचणीत आले तेव्हा त्यांच्यासाठी रदबदली केली ती कान्होजी जेध्यांनी. महाराजांनी जीवदान दिले, पण एक हात आणि एक पाय तोडण्याची शिक्षा केली. निष्ठावंताने फितुरासाठी शब्द का टाकावा? मावळातल्या देशमुखांना एकमेकांच्या शेजारी पिढ्यानपिढ्या राहावयाचे होते; सोयरिकी होत्या, सीमांचे तंटे होते, आणि आज जो खोपड्यांवर आला तो प्रसंग उद्या कोणावरही येऊ शकत होता. निष्ठा वरून खाली, धनी आणि चाकर यांच्यातच नव्हती; ती आडवीही पसरलेली होती. कोणत्याही ज्ञात खेळाच्या पट्टीवर हे आडवे अंतर नीट मोजता येत नाही. 'क्रुसेडर किंग्ज'मध्ये मांडलिकांचे परस्परांविषयी मत असते हे खरे. पण ते मत म्हणजे धन्यापुढे दुसऱ्याच्या जिवासाठी उभे राहण्याचा अधिकार नव्हे.

४

आंद्रे विंक यांच्या 'लँड अँड सॉव्हरिन्टी इन इंडिया' (१९८६) या अठराव्या शतकातील मराठी स्वराज्यावरील ग्रंथाने इतिहासाच्या अभ्यासकांना फितना ही संकल्पना दिली. फितवा म्हणजे राज्याला लागलेली कीड नव्हे. राज्ये याच मार्गाने वाढत आणि विस्कटत होती, सार्वभौमत्व म्हणजेच बाजू बांधण्या-फोडण्याची अखंड प्रक्रिया, असा त्यांच्या मांडणीचा सारांश सांगता येईल. मराठी कागदपत्रांतील फितवा, फितूर, बेदिली, पुंडावा या शब्दांच्या भोवताली ही संकल्पना ठेवून पाहिली म्हणजे तिची उपयुक्तता कळते. तिची मर्यादाही कळते. विंक यांच्या मांडणीत सर्वच घटक इतके चलाख आणि हिशेबी होतात की खाल्ल्या मिठाला जागणे हा शब्दप्रयोग केवळ अलंकार ठरतो. तो अलंकार नव्हता. ज्या समाजात हिशेब आणि मीठ एकाच ताटात होते त्या समाजाला केवळ हिशेबाने वाचणे म्हणजे पुन्हा आकडाच लावणे होय.

पनवेलच्या दक्षिणेस उभा असलेला कर्नाळा किल्ला या प्रश्नाच्या अभ्यासासाठी चांगली जागा आहे. १६५७ मध्ये तो शिवाजी महाराजांकडे आला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्यावयाच्या तेवीस किल्ल्यांत गेला, १६७० मध्ये परत घेतला गेला. पुढेही त्याचे धनी बदलत राहिले आणि १८१८ मध्ये तो इंग्रजांच्या हाती गेला. खेळाच्या पटावर असा किल्ला म्हणजे रंग बदलणारे एक घर. परंतु स्वराज्यातल्या किल्ल्याची निष्ठा कशी राखली जात असे याचे जे वर्णन सभासदाच्या बखरीत आहे ते कोणत्याही खेळकाराने अभ्यासावे असे आहे. गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तीन अधिकारी नेमावयाचे. तिघांच्या संमतीवाचून कारभार करावयाचा नाही. जातीही एकच ठेवावयाची नाही. येथे कोणाच्याही निष्ठेची मोजदाद नाही. ती मोजता येत नाही, हेच गृहीत धरून ही व्यवस्था उभी केलेली आहे. हवालदाराच्या मनात काय आहे हे न कळताही गड राखता यावा, असा तिचा हेतू. खेळात धनी निष्ठेचा आकडा पाहून देणगी पाठवितो. येथे आकडा अज्ञात आहे म्हणून अधिकार विभागला जातो. राजनीतीच्या दृष्टीने दुसरी कल्पना निःसंशय श्रेष्ठ आहे, आणि खेळाच्या दृष्टीने ती रंजक नाही हेही मान्य करावे लागते. सर्व काही दिसत असलेल्या पटावर अज्ञानाचे शहाणपण शिकविता येत नाही.

१६८९ नंतर हे चित्र बदलले. औरंगजेबाचे मनसब आणि राजारामांची वतने यांचा जणू लिलाव सुरू झाला. १६९१ मध्ये राजारामांनी हणमंतराव घोरपड्यांना जो सरंजाम कबूल केला त्याची विभागणी अद्याप जिंकावयाच्या ठिकाणांवर केलेली होती. रायगडापासून थेट दिल्लीपर्यंत, जसजसे स्थळ हाती येईल तसतसा वाटा. जिंजीत अडकलेल्या राजाने दिलेले हे वचन वाचताना हसू येण्याचा संभव आहे. पण निष्ठा ही भूतकाळाच्या उपकाराची फेड नसून भविष्यावर काढलेली हुंडी आहे, हे इतक्या स्वच्छपणे सांगणारा दुसरा दस्तऐवज सापडणे कठीण. देणगीने आकडा चढतो असे म्हणणाऱ्या खेळात देणगी नेहमी खजिन्यातून जाते. नसलेल्या दिल्लीतून जात नाही.

आणि परत येणे. नेताजी पालकर, ज्यांचे नाव परंपरा पनवेलजवळच्या चौक गावाशी जोडते, १६६६ मध्ये विजापूरकडे, तेथून मोगलांकडे गेले, बाटविले गेले, अफगाणिस्तानाच्या सरहद्दीपर्यंत नेले गेले, आणि १६७६ मध्ये परत आले; त्यांना शुद्ध करून घेतले गेले. कान्होजी आंग्रे ताराबाईंच्या पक्षाचे. त्यांनी शाहूंच्या पेशव्याला, बहिरोपंत पिंगळ्यांना, कैदेत टाकले. १७१३ मध्ये पेशवाई मिळालेल्या बाळाजी विश्वनाथांनी त्यांच्याशी बोलणी केली आणि १७१४ च्या आरंभी ते सरखेल म्हणून शाहूंच्या पक्षात आले. 'कौल' या शब्दात हे सारे सामावलेले आहे: अभयाचे वचन, शर्तींचा कागद, आणि काल काय घडले ते न उगाळण्याचा करार. कोएईच्या खेळांत पकडलेल्या सरदाराला सेवेत घेता येते, सोडता येते किंवा मारता येते. त्या मानाने ते कौलाच्या जवळ जातात. इतरत्र फितुरी हा बहुधा शेवट असतो. कागदपत्रांत ती वाटाघाटीची एक पायरी आहे.

५

मराठी ऐतिहासिक कादंबरीने या समृद्ध सामग्रीचे काय केले? हरि नारायण आपटे यांच्या 'उषःकाल'ने केले ते अजूनही दुर्मीळ वाटावे असे आहे. तेथे विजापूरच्या चाकरीत असलेला किल्लेदार रंगराव अप्पा आणि शिवाजी महाराजांकडे ओढला गेलेला त्याचा मुलगा नानासाहेब हे एकाच घरात आहेत. बाप खाल्ल्या मिठाला जागतो. मुलगा दुसऱ्या एका निष्ठेने पेटला आहे. कादंबरीकाराची सहानुभूती मुलाकडे आहे यात शंका नाही, पण बापाला त्याने क्षुद्र केलेले नाही. दोघेही निष्ठावंतच आहेत, हा त्या कादंबरीचा खरा पेच आहे. फितूर कोण हे ठरवावयाचे तर आधी धनी कोण हे ठरवावे लागते, आणि तेच तर बापलेकांना मान्य नाही. एका पट्टीवर हे दोघे बसत नाहीत. पट्ट्याच दोन आहेत.

पुढच्या कादंबरीने पट्टी एक केली. राज्य एक, राजा एक, आणि प्रत्येक पात्राचे त्याच्यापासूनचे अंतर म्हणजे त्याचे नैतिक मूल्य. या एकपट्टी लेखनात वर सांगितलेला भेद अचूक उमटतो. शिवाजी सावंतांच्या 'छावा' (१९७९) मध्ये संभाजीराजांचे १६७८ मधील दिलेरखानाकडे जाणे ही नायकाच्या अंतरंगातील वेदना म्हणून उलगडते. त्याला कारणे आहेत, घुसमट आहे, पश्चात्ताप आहे, १६७९ अखेरचे परतणे आहे. ते योग्यच आहे. त्या प्रसंगाचे दुसरे वाचन दुष्टपणाचे झाले असते. पण हे अंतरंग एका पात्रालाच का मिळावे? त्याच परंपरेतले दुय्यम फितूर प्रवेश करतात तेच लोभी डोळ्यांनी आणि मत्सरी ओठांनी. त्यांच्या बाजू बदलण्यामागे निर्णय नसतो, स्वभाव असतो. ल्यू बूचा आकडा आणि या पात्रांचे डोळे एकच काम करतात.

ना. सं. इनामदारांनी ही पट्टी मोडण्याचा प्रयत्न केला. 'झेप' (१९६३) मध्ये त्रिंबकजी डेंगळे, 'झुंज' (१९६६) मध्ये यशवंतराव होळकर, 'मंत्रावेगळा' (१९६९) मध्ये दुसरा बाजीराव अशा, इतिहासाने उणे आकडा लावलेल्या माणसांना त्यांनी नायकपद दिले. हे कार्य मोठे आहे. तरीही त्यात एक मर्यादा राहते. इनामदार नायकाला निर्णय बहाल करतात तेव्हा आकडा नाहीसा होत नाही. तो पलीकडच्या पात्रांकडे सरकतो. खेळणाऱ्याने मांडलिकाची जागा घेतली की शेजारच्या मांडलिकाला आकडा लागतो, तसेच हे. जागा बदलली, रचना तीच राहिली.

६

हा भेद कल्पित साहित्यापुरता नाही हे दाखविण्यासाठी पुन्हा पनवेलच्या परिसरात यावे लागते. कर्नाळ्याच्या जवळच शिरढोण हे वासुदेव बळवंत फडक्यांचे जन्मगाव (जन्म ४ नोव्हेंबर १८४५). त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते असे परंपरा सांगते. फडके पुण्यात लष्करी हिशेबाच्या कचेरीत नोकरीस होते. सरकारच्या मिठाचा प्रश्न त्यांच्या बाबतीत अगदी शब्दशः होता. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर त्यांनी रामोशांना हाताशी धरून उठाव केला आणि फेब्रुवारी १८७९ मध्ये धामारी येथे दरोडा घातला. एप्रिलमध्ये ते श्रीशैलास गेले आणि तेथे त्यांनी आत्मवृत्त लिहिले. ते पुढे सरकारच्या हाती पडून खटल्यात वापरले गेले.

या आत्मवृत्ताचे साहित्यिक मोल अद्याप पुरेसे जोखले गेलेले नाही. मराठीतले ते बंडाचे पहिलेवहिले स्वकथन म्हणावे लागेल, आणि त्यात लेखकाचे बंड हा संपूर्णपणे निर्णय आहे. आजारी आईला अखेरचे भेटण्यासाठी रजा न मिळणे, दुष्काळात पाहिलेली माणसे, इंग्रजांविषयी धुमसत गेलेला राग, यांतून एक मन आकार घेते. तोच लेखक आपल्या रामोशी साथीदारांकडे वळतो तेव्हा भाषा बदलते. त्यांचे लक्ष लुटीतील वाट्यावर आहे, देशकार्यावर नाही, अशी निराशा त्यातून व्यक्त होते. ती निराशा खोटी नव्हती. परंतु स्वतःची निष्ठा सांगणारा आणि साथीदारांची निष्ठा मोजणारा असा लेखक येथे एकाच पानावर भेटतो. बंडखोर म्हणून तो सिंहासनाच्या विरुद्ध उभा आहे. निवेदक म्हणून सिंहासनाच्याच जागी बसला आहे.

रामोशांच्या बाजूने पाहिले तर तो वाटा म्हणजे काय होता? गावराखण हे त्यांचे परंपरागत काम आणि त्यासोबतचे हक्क ही त्यांची उपजीविका. पुरंदरच्या राखणीचे हक्क गेले हे उमाजी नाईकांच्या बंडामागचे एक कारण होते. त्या उमाजींना कंपनी सरकारने मध्यंतरी माफी देऊन आपल्याच बंदोबस्ताच्या कामावर घेतले, आणि पुन्हा बंड केल्यावर ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी दिले. कौल देणे, रुजू होणे, पुन्हा उठणे, हा जुनाच व्यवहार इंग्रजी अमलातही चालू होता. बदलले ते इतकेच की नव्या धन्याला तो व्यवहार म्हणून वाचता येत नव्हता. ज्या माणसांचे हक्क गेले त्यांनी वाट्याविषयी आग्रही असणे हा लोभ ठरतो की करार, हे कोणाच्या लेखणीतून ते पाहिले जाते यावर अवलंबून आहे. जेध्यांजवळ करीना होता म्हणून त्यांच्या वतनाची चिंता निष्ठा म्हणून वाचता येते. दौलतराव नाईकाजवळ करीना नव्हता.

१० आणि ११ मे १८७९ च्या सुमारास या दौलतराव नाईकाची टोळी कोकणात उतरली आणि तिने पनवेलजवळ पळस्पे आणि चिखली येथे मोठी लूट केली. फडके या टोळीबरोबर नव्हते. घाटमाथ्याकडे परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीने तिला गाठले आणि दौलतराव मारला गेला. त्यानंतर फडके रोहिल्यांची नवी भरती करण्याच्या खटपटीत राहिले. जुलैमध्ये ते पकडले गेले, पुण्यात त्यांच्यावर खटला चालला आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या कैदेत त्यांचा अंत झाला.

पळस्प्याची लूट घेऊन दौलतराव घाट चढत होता तो कोणाकडे जाण्यासाठी? नेता जवळ नसताना, त्याच्या डोळ्यांदेखत नसताना, त्याच्याच जन्मगावाशेजारी येऊन त्याने जे केले ते लुटीसाठी होते की उठावासाठी, की त्याच्या दृष्टीने हे दोन वेगळे प्रश्नच नव्हते? त्याच्या साथीदारांविषयीचा हिशेब मांडणारी वही एप्रिलमध्ये श्रीशैलावर लिहिली गेली होती. पळस्पे त्यानंतरचे आहे.